तळापासून वाचलेला रिपोर्ट

भाषांतरकार बाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे तळापासून वाचायला सुरुवात केली. आकडे वर असतात. त्यांच्यावर किती विसंबायचं ते खाली, बारीक तोडक्या अक्षरांत असतं.

समोर नवरा-बायको बसले होते. बायको थोरल्या भावाला आपलं मूत्रपिंड देणार होती. तपासणी ते दोघं राहत होते त्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशात झालेली. भावाच्या इथल्या रुग्णालयाला तिचा रिपोर्ट इंग्रजीत हवा होता.

"निम्म्या रिपोर्टात तर नुसती अक्षरंच आहेत," नवरा म्हणाला. "आहेत तशी उतरवा."

"तशी उतरवली तर इथं कोणाला कळणार? हे व्हीएसजी बघा. स्पॅनिशमधलं व्हीएसजी म्हणजे इंग्रजीतलं ईएसआर, रक्तपेशी खाली बसण्याचा वेग."

बाई एकेक संक्षेप सोडवत टाइप करत गेल्या. पोटॅशियमचा आकडा बराच चढा होता. शेजारी चांदणीची खूण, आणि तीच खूण तक्त्याखालच्या एका बारीक ओळीला.

नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "खालची ती ओळ राहू द्या. तक्ता पुरे."

"ओळ तक्त्याचीच आहे. चांदणी तिकडेच बोट दाखवतेय."

"मॅडम, तुम्ही भाषांतर करता की डॉक्टरकी?"

"डॉक्टरकी तुम्ही करताय. मी कागदावर आहे ते लिहितेय."

"एका ओळीनं काय आभाळ कोसळणार आहे?"

"मग असू द्या की."

"दुसरीकडून करून घेऊ आम्ही."

"जरूर घ्या. माझ्या शिक्क्याखाली अर्धा कागद जात नाही."

इतका वेळ पर्सचा पट्टा पिळत बसलेली बायको नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "काय लिहिलंय त्यात? मला तिथली भाषा बाजारापुरतीच येते. हे म्हणाले, माझं पोटॅशियम वाढलंय, दादाला आता देता येणार नाही."

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"नमुना खराब झाला होता, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "रक्त काढताना किंवा नेताना नळीतल्या पेशी फुटल्या. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं की आकडा फुगतो. तुमचं खरं किती, ते यावरून सांगता येत नाही. पुन्हा रक्त द्यावं लागेल."

"म्हणजे मी नापास नाही?"

"पेपर अजून तपासलेलाच नाही."

"घरी दोन लहान पोरं आहेत," नवरा खिडकीकडेच बघत म्हणाला. "हिला काही झालं तर?"

"ते डॉक्टरांना विचारा. समोर बसून विचारा. कागदाच्या आडून नको."

बायको हळू म्हणाली, "इथं आल्यापासून मी दादाचे फोन उचलले नाहीत. काय तोंडानं उचलणार?" मग तिने बाईंकडे पाहिलं. "ती ओळ ठळक करता येईल?"

"मुळात ठळक नाही. आहे तशीच येईल."

नवरा उठला. "चल. गाडी रस्त्यातच उभी आहे."

"तुम्ही व्हा पुढे."

तो दारापाशी जरा थांबला, किल्ली हातात खुळखुळवली, आणि गेला. बाईंनी खालची ओळ टाइप करायला घेतली. बायकोने फोन कानाला लावला.

"दादा, ऐक. उद्या मी तुझ्याबरोबर येतेय हॉस्पिटलात. उपाशीपोटी यायचं का, तेवढं विचारून ठेव."