सूर विरेपर्यंत

"इल्पोला तूच सांग," वेइयो म्हणाला. "माझ्यावर तो भडकेल. तुझ्यावर नाही भडकत."

आर्मीने कीबोर्डवरची चादर काढली. सकाळभर ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून खुर्च्यांत बसवत होती, आणि आता तिला स्वतःला कुणीतरी उचलून बसवलं तर हवं होतं. पण वाजवायचं ते उभ्यानेच. कोउवोला शहरातल्या या इमारतीच्या तळघरात, बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या खोलीत, हे तिघं तरुण असल्यापासून उभ्यानेच वाजवत आले होते. बसायचा तो फक्त ड्रमवाला इल्पो.

सांगायचं होतं ते एवढंच, की इल्पोचा ठेका पळायला लागला होता. एरवी कुणी हे मनावर घेतलं नसतं. पण यांचं संगीत इतकं संथ आणि जड, की त्यात पळणं हाच एक गुन्हा. वेगात बडवणारे ड्रमर पैशाला पासरी मिळतात. दोन ठोक्यांमधल्या ओसाड जागेत हात आवरून बसणारा मात्र विरळा, आणि इल्पो तसा होता. गाण्याच्या मध्यावर वेइयोची गिटार आणि त्याचं गुरगुरतं गाणं थांबतं आणि आर्मीचा एकटा सूर उरतो. दाबून धरला तरी तो हळूहळू विरत जातो, आणि अगदी विझता विझता ड्रमचा एक ठोका पडतो. हिवाळा लागल्यापासून तो ठोका लवकर पडत होता. रेकॉर्डिंग तर तोंडावर आलं होतं. वेइयोला आता इल्पोच्या कानात ठेका धरून देणाऱ्या यंत्राची टिकटिक घालायची होती, आणि इल्पोने कधीच सांगून ठेवलं होतं, "टिकटिक आली की मी गेलो."

बूट आपटून चिखल झाडत इल्पो आत आला. दिवसभर रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवून त्याचा चेहरा ताठला होता. त्याने भाताचं सारण भरलेल्या राय धान्याच्या पुऱ्यांचा डबा उघडला.

"बायकोने दिल्यात. वेइयोला एकच. त्याचं पोट गिटारीच्या आड मावेना आता."

"पोटाशिवाय असा आवाज निघत नाही, बाबा."

"आवाज? मुरडा आलेल्या अस्वलासारखा?"

वेइयो हसत हसत टिकटिकीचं यंत्र आणायला गाडीकडे गेला. जाता जाता त्याने आर्मीला डोळ्यांनी खुणावलं.

"इल्पो," ती म्हणाली, "मधला भाग पळतोय."

"हो."

"हो काय? वेइयो यंत्र आणतोय."

इल्पोने सावकाश हातमोजे काढले. "तुझा खांदा कधीपासून दुखतोय?"

"खांद्याचा काय संबंध?"

"तुझा हात आधी उठतो, आर्मी. सूर मध्येच तुटतो. म्हणून तुझं मनगट हललं की मी मारतो. ठोक्यात ते झाकलं जातं."

तिला ते खरं वाटेना. तिने उजव्या हाताने त्या सुराच्या चारही पट्ट्या दाबल्या आणि मनगटावर नजर ठेवली. सूर अजून भरलेला होता, आणि मनगट तिला न विचारता वर आलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"मग बोलला का नाहीस?"

"दमलेल्या माणसाला, तू दमलीस, हे काय सांगायचं?"

दार कुरकुरलं. वेइयो यंत्र घेऊन उभा होता.

"चूक माझी आहे," आर्मी म्हणाली. "त्याची नाही. माझा हात टिकत नाही."

वेइयोने यंत्राची वायर सोडायला घेतली. "बरं. मग तुझा सूर आधीच रेकॉर्ड करून ठेवू. यंत्र धरेल."

"आणि तुझं गुरगुरणंही यंत्रच करेल," इल्पो म्हणाला.

"भांडू नका. मला खुर्ची द्या."

"बसून वाजवणार?"

"बसून. आणि डाव्या हाताने."

तिने कीबोर्ड खाली, मांडीच्या उंचीवर घेतला. डाव्या हाताला चार पट्ट्या जमेनात, म्हणून दोनच दाबल्या. सूर पातळ निघाला. पण कोपर मांडीवर टेकलं होतं, हात जागचा हलला नाही. इल्पोने काठी उचलली आणि या वेळी तिच्या मनगटाकडे न बघता डोळे मिटले. सूर झिरपत गेला, झिरपत गेला. आता संपला असं वाटूनही थोडा उरला होता. मग ठोका पडला.

"भरदारपणा गेला," वेइयो म्हणाला.

"गेलाच," आर्मी म्हणाली. "एवढंच आहे आता माझ्याकडे."

वेइयोने यंत्राची वायर गुंडाळून पिशवीत टाकली आणि गिटार गळ्यात घातली. "पहिल्यापासून घ्या."

"आधी एक पुरी खाऊ दे तिला," इल्पो म्हणाला.