केसभर जाड म्हैस

मित्रांनो, मी एक म्हैस आहे. चारा खाणारी नव्हे, लाकडाची. तळहातावर मावेल एवढी. आता जुनी झाले आहे आणि कुसगावच्या एका घरात खिळ्यांच्या डब्यात पडून असते. माझं एक शिंग झिजलं आहे. ते कसं झिजलं, तेवढं तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म सागाच्या एका फळीतून झाला. कुठल्याशा बंगल्याच्या मोडक्या दाराची ती फळी सत्यमने घरी आणली होती, कारण मागच्या खोलीत त्याने नुकतंच लाकूड कापायचं सीएनसी मशीन बसवलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की मशीनचं बारीक कटर गरगर फिरत त्या रेषेवरून जातं आणि आकार कापून काढतं. सत्यम दिवसभर कारखान्यात राबायचा आणि संध्याकाळी या मशीनसमोर असा बसायचा, की जेवायला हाका मारून बायकोचा घसा बसायचा.

पण मला त्याने हौसेखातर केलं नव्हतं. त्याची आई, शालूबाई, विसरायला लागली होती. गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, हात आणि डोकं कामात ठेवा. म्हणून सत्यमने एक पाट केला. त्यात कोंबडी, घागर, जातं आणि म्हैस अशा आकारांच्या खोबणी कोरल्या, आणि प्रत्येक खोबणीत बसेल असा एक एक तुकडा कापला.

म्हैस तर हवीच होती. शालूबाईने जन्मभर म्हशी सांभाळल्या आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना दूध घातलं. आता गोठ्यात एकटी चंद्री उरली होती. सून सविता म्हणत होती, की तिला विकून टाकू. आई गॅस विसरतात, उद्या एकट्या गोठ्यात जाऊन म्हशीच्या पायाखाली आल्या तर? सविताचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिची भीती खरी होती.

"थांब जरा," सत्यम म्हणाला. "आईला म्हैस ओळखू येतीय तोवर राहू दे चंद्रीला."

ओळखू येते की नाही, ते पाटावर कळेल असं घरात ठरून गेलं. म्हणजे चंद्रीचं गोठ्यात राहणं माझ्यावर आलं. तळहाताएवढ्या लाकडावर केवढा हा भार!

आणि मी होते केसभर जाड. सत्यमने मला खोबणीत अंगठ्याने दाबून बसवून पाहिलं होतं, पण तो कारखान्यातला अंगठा. जरा घट्ट वाटलं तेव्हा म्हणाला, "दमट हवा, लाकूड फुगणारच." आमच्याकडे दार अडकलं, पापड सादळले, गुडघे दुखले, की सगळ्याचं खापर या हवेवर फुटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई एकटीच ओसरीवर पाट घेऊन बसली. तिने मला उचललं, शिंगांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "आगं बया, ही तर माजी चंद्री!" तिने मला नेमकं माझ्याच खोबणीवर ठेवलं. दाबलं. मी बसले नाही. तिने पुन्हा दाबलं. तिच्या बोटांत जोर तो किती असणार?

"का गं, जात का न्हाईस?" ती पुटपुटली. मग तिच्या डोळ्यांत संशय आला. "हितली न्हाईस व्हय तू?" तिने मला उचलून घागरीच्या खोबणीवर ठेवलं, आणि नेमकी तेव्हाच सविता बाहेर आली.

असं रोज झालं. दुपारी शालूबाई मला बरोबर जागी दाबून दाबून थकायची. त्यातच माझं शिंग झिजलं. संध्याकाळी सगळे भोवती बसले, की ती मला कोंबडीच्या नाही तर जात्याच्या जागी घेऊन जायची, कारण खऱ्या जागेने तिला रोज परत पाठवलं होतं. सत्यम बघायचा आणि मान खाली घालायचा.

मग चंद्रीला विकायचं ठरलं आणि सोमाटण्याहून एक माणूस टेम्पो घेऊन आला. शालूबाईने चंद्रीचं दावं धरून ठेवलं. "कुटं न्हेताय तिला?"

"डॉक्टरकडं नेतोय, आई," सत्यम खोटं बोलला.

त्यानंतर तिने पाटाला हात लावला नाही. पुढे केला की म्हणायची, "मला न्हाई येत ते."

हिवाळ्यात सत्यमकडे एका बंगल्याच्या नावाच्या पाटीचं काम आलं. अक्षरं खोबणीत बसेनात. आता हवा कोरडी होती, तिला दोष देता येईना. त्याने माप घेतलं. प्रत्येक अक्षर केसभर जाड, प्रत्येक खोबण केसभर अरुंद. मग चालत्या मशीनजवळ वाकून त्याने नीट पाहिलं. भातखाचराच्या चिखलात काठी ओढली की ती जशी वाकते, तसं ते बारीक कटर सागाच्या रेट्याने वाकत होतं आणि रेषेपासून जरासं दूर राहत होतं. मग पुन्हा कापताना त्याने आधी रेषेलगत थोडं लाकूड मुद्दाम राखलं आणि शेवटच्या फेरीत तेवढंच हलकेच सोललं. एवढ्याशा सालीपुढे कटर फारसं वाकत नाही. तरी जी कसर राहिली, ती मोजून कॉम्प्युटरला आधीच सांगितली. अक्षरं अलगद बसली.

सत्यमला आनंद झाला नाही. तो धावत जाऊन पाट घेऊन आला. माझ्या खोबणीच्या काठावर शिंग घासल्याचे ओरखडे होते, कितीतरी. तो त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला आणि मग लहान मुलासारखा रडला.

त्याने नव्या पाटात खोबणी कोरल्या, नवी म्हैस कापली आणि मला डब्यात टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नवा पाट त्याने आईच्या मांडीवर ठेवला. "आई, तुझं बरोबर होतं गं. तुकडाच जाड होता." तिचा हात हातात घेऊन त्याने ती म्हैस खोबणीवर ठेवली. ती आपोआप आत गेली.

शालूबाई बघत राहिली. "बसली की," ती म्हणाली. "मंग आता चंद्रीला आन घरी."

सत्यम सोमाटण्याला जाऊन आला. त्या माणसाने चंद्रीला केव्हाच बाजारात विकलं होतं; पुढे ती कुठे गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कटरच्या वाकण्याची भरपाई सत्यमला करता आली होती. चंद्रीची मात्र करता आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी थरथरत्या हाताने काही जुळवत असेल आणि ते जुळत नसेल, तर लगेच मान खाली घालू नका. जवळ बसा. आधी तुकडा मापून बघा. शालूबाईचा हात पहिल्यांदा बरोबर जागीच गेला होता. ते पाहायला माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.