तेलीबागची दुसरी डिस्क

सकाळी अकरा वाजता, हजरतगंजच्या ऑफिसात, विनयाला स्वतःची चूक दिसली. चाचणीच्या मशीनमधली एक डिस्क तिने चालू असतानाच काढून कोरी डिस्क बसवली होती. दोन्ही डिस्कांवर सारखीच माहिती असायची. एक बिघडली तर मशीन बंद न करता बदलता यावी म्हणून. पण तिने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे डिस्क हाताळणारा प्रोग्राम, फक्त खण पाहत होता, आतली डिस्क कुठली हे विचारतच नव्हता. कोरी डिस्क खरी मानून त्याने चांगल्या डिस्कवरचंही सगळं पुसून टाकलं.

आणि तिचा सहकारी विश्वास आत्ता तेलीबागच्या रक्तपेढीत हेच करायला गेला होता!

पेढीचा फोन सारखा एंगेज. तिने ऑटो पकडला. पेढीत पोचली तेव्हा विश्वासच्या हातात नवी डिस्क होती.

"थांब! घालू नकोस!"

"अगं, जुनी काढलीये. दोन मिनिटांचं काम आहे, यार."

"घातलीस तर सगळ्या रक्तगटांच्या नोंदी जातील."

आवाज ऐकून प्रमुख डॉक्टर मिश्रा आल्या. "क्या हुआ?"

नवी डिस्क खराब निघाली, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलेही होते.

"मैडम, प्रोग्राम में गलती है। मैंने लिखा है," विनया म्हणाली. "शाम तक ठीक करके लाती हूँ।"

"और तब तक?"

"एक ही डिस्क है। वह भी गई, तो कुछ नहीं बचेगा।"

डॉक्टरांनी लगेच साऱ्या साठ्याची यादी छापायला लावली.

ऑफिसात परतून विनयाने दुरुस्ती केली: डिस्क निघाली की तिची ओळख विसरायची, नवी आली की ओळख विचारायची, पूर्ण नक्कल होईपर्यंत तिच्यावरून वाचायचं नाही. सात वेळा डिस्क काढून-घालून पाहिली. दर वेळी वाटे, तिकडची एकुलती एक डिस्क आत्ता बंद पडली असेल.

साडेचारला तेलीबागमध्ये नवा ड्रायव्हर चढवून मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा बराच वेळ काळाच राहिला. विश्वास कपाळ पुसत होता. मग अक्षरं उमटली. त्याने डिस्क सरकवली आणि पडद्यावर नक्कल सुरू झाल्याची ओळ आली.

विनया खुर्चीत बसली.

"यही प्रोग्राम और कहाँ-कहाँ चल रहा है?" डॉक्टरांनी विचारलं.

"कानपुर में दो जगह। बरेली में एक।"

"तो फिर?"

विनयाने कागद ओढला, आणि तिन्ही ठिकाणी पाठवायचा, चूक सांगून डिस्क बदलू नका असं कळवणारा फॅक्स स्वतःच्या नावाने लिहायला घेतला.