उजव्या हाताची नखं

“नखं याची, आणि भांडी मात्र आम्ही घासायची,” सासूबाई नळाखाली पातेलं खंगाळत पुटपुटल्या. शेजारी फडकं घेऊन उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाईल आणि बाहेरच्या लेकाला जाणार नाही, एवढ्याच आवाजात.

बाहेरून लेकाचा आवाज आला. “तुटलं.”

काय तुटलं, ते कुणी विचारलं नाही. या घरात तुटण्याजोगी मोलाची वस्तू एकच होती. गिटारच्या पिशवीच्या चेनमध्ये अडकून त्याच्या मधल्या बोटाचं नख गेलं होतं. हात छातीशी धरून तो असा बसला होता, की अख्खं बोटच गेलं असावं. ही नखं जपायची म्हणून त्याने कधी डब्याचं झाकण उघडलं नाही, सामान उचललं नाही, लेक तान्ही असताना तिचं दुपटं बदललं नाही. कानस लावून घ्यायला मात्र बायकोपुढे हात पसरून बसायचा.

“संध्याकाळचा कार्यक्रम रद्द,” तो म्हणाला. “नखाशिवाय तारेला धार येत नाही.”

कोपऱ्यात त्याची थोरली बहीण ल्यूट लावत होती. ल्यूट म्हणजे गिटारची पोट सुटलेली पणजी. ती नखं मुळापर्यंत कापून नुसत्या बोटांनी वाजवायची, आणि आज त्याच्यासोबत पहिल्यांदाच लोकांसमोर बसणार होती. खुंटीवरचा तिचा हात थांबला.

“मी एकटी वाजवू?”

“ताई, तुझं ते उशीवर थोपटल्यासारखं. दुसऱ्या रांगेपर्यंत तरी जाईल का? लोक नखांचा सूर ऐकायला येतात.”

ताईने ल्यूटवर कापड ओढलं.

बायकोने लेकीचा टेबल टेनिसचा चेंडू कापला, नखाएवढा तुकडा काढून त्याच्या बोटाला चिकटवला आणि घासून गुळगुळीत केला. हे सगळं तिच्या हातात बसलेलं होतं. गोंद वाळेपर्यंत घर त्या बोटाकडे बघत बसलं. मागच्या कार्यक्रमाला म्हणे हवा दमट होती. त्याआधी सभागृह वाईट होतं, त्याहीआधी तारा. दर वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तो वाजवू लागला. अरुंद दारातून सगळ्यांनी एकदम बाहेर पडावं, तसे सूर एकमेकांच्या पायात पाय घालत निघाले. त्याने समाधानाने हात थांबवला.

“ऐकलंत? खोट्या नखाचं हे असं होतं. फरक कळतो ना?”

सासूबाई हात पुसत दारापर्यंत आल्या आणि फरशीकडे बघत राहिल्या. ताई कापडाला गाठ मारत होती.

बायको उठली, ताईजवळ जाऊन बसली आणि ती गाठ सोडू लागली.

“नाही कळत,” ती वर न बघता म्हणाली. “तुमचं खरं नख होतं, तेव्हाही असंच वाजायचं.”