डाव्या बाहीचा कोट

त्या गावात मूल दहा वर्षांचं झालं की त्याला एक काम मिळे, आणि काम मिळालं की घर सुटे. मग भट्टीवाल्याने भट्टीपाशी झोपायचं, कंदीलवाल्याने कंदिलांपाशी. बाईला पोर दहाचं होईपर्यंत तेवढं घर मिळे. आईला आई म्हणायचं नाही. ती फक्त भट्टीवाली. असं का, हे विचारलं तर मोठी माणसं सांगत, आपल्या माणसाची आठवण आली की हात थांबतात, आणि हात थांबले की गाव थांबतं. ऐकायला हे पटण्यासारखं होतं. म्हणून तर इतकी वर्षं चाललं.

रफूच्या खोलीत एक मुलगी होती. अंगाने इतकी बारीक की सगळ्या तिला काडी म्हणत. तिला तिथे येऊन तीन वर्षं झाली होती. गावभरचे फाटके कपडे धुऊन तिथे येत, सगळे राखाडी, एकावरही नाव नाही. नियम एकच होता, रफू कळता कामा नये. खोली सांभाळणाऱ्या बाई डोळे मिटून प्रत्येक रफूवरून अंगठा फिरवत. अंगठ्याला काही लागलं की करणारीची रवानगी लोकर धुण्याच्या हौदावर. पाठीमागे सगळ्या त्यांना अंगठेबाई म्हणत. शेजारची बटणवाली तर म्हणायची, बाई झोपल्या तरी त्यांचा अंगठा जागा असतो.

मंगळवारी भट्टीवाल्यांचे कोट येत आणि वीस जणींत वाटले जात. बाह्या करपलेल्या, आणि बहुतेक उजव्याच, कारण माणूस भट्टीत उजवा हात घालतो. एका मंगळवारी काडीच्या पुढ्यात जो कोट पडला त्याची डावी बाही करपली होती. शिवाय बाह्या आतून दोन बोटं दुमडून शिवलेल्या. म्हणजे कोट घालणारं माणूस बुटकं.

काडीची आई भट्टीवाली, आणि डावखुरी होती. बुटकीही होती, पण ते तिला मान्य नव्हतं. फळ्याच उंच लावल्यात मेल्यांनी, असं ती म्हणे.

काडीने कोट नाकाशी धरला. नुसता साबणाचा वास आला.

लहानपणी तिचा झगा फाटला की आई रफू करून आतल्या बाजूला तीन बारीक टाके घाली, चिमणीच्या पावलासारखे. बघ, चिमणी बसून गेली, असं सांगे. काडीने बाही नीट केली, इतकी नीट की कुठे करपली होती ते सापडू नये. मग तिची सुई थांबली. हौदावर गेलेल्यांची बोटं वर्षभरात सुजतात, पुन्हा सुई धरता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आपली मुलगी कुठे आहे, आहे तरी का, हे आईला तीन वर्षांत कुणी सांगितलं नसणार. तिने बाहीच्या आत तीन टाके घातले.

संध्याकाळी बाईंचा अंगठा त्या बाहीवरून पुढे गेला आणि मागे आला. बाईंनी डोळे उघडले, बाही उलटी केली.

"हे कुणाचं काम?"

"माझं, बाई."

"उसव म्हटलं तर उसवशील?"

काडीने मान हलवली, नाही. 

बाईंनी बाही सरळ केली. "माझी पोर कंदिलांकडे आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "कंदिलांपाशी कपडे कुठे फाटतात?"

आणि कोट झालेल्या कामाच्या ढिगात टाकला.

मग नुसते मंगळवार येत राहिले. काडी आपलं काम सोडून दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांत डोकावे. बाहीच्या आत कोण बघतं, असं एकदा वाटे. बघितलं असेल आणि घाबरली असेल, असं एकदा वाटे. आठव्या मंगळवारी बाईंनी स्वतः एक कोट आणून तिच्यापुढे ठेवला. डावी बाही. करपलेली नव्हती. चिमणीच्या पावलाला खेटून कात्रीने केलेला सरळ काप होता. वापरून विरलेलं कापड कधी असं फाटत नाही, हे त्या खोलीत कुणालाही कळलं असतं.

"याला वेळ लागेलसं दिसतंय," बाई म्हणाल्या. "घाई करू नकोस."

काडीने आधी बाहीची दुमड उसवली आणि हात आत घातला. घरी दर वर्षी आई दाराच्या चौकटीवर कोळशाने तिच्या उंचीची रेघ मारायची. शेवटची रेघ आईच्या खांद्याशी होती. आता काडीचं मनगट आईच्या दुमडीच्याही पुढे गेलं, बोटभर. हे आईला ठाऊक नव्हतं.

मनगट जिथे आलं, तिथे तिने रेघ मारावी तसे आतून तीन टाके घातले. दुमड परत शिवली. तिचा दोरा मात्र जरा सैलच ठेवला, आईने ओढला तर सुटेल इतका. मग ती काप बुजवायला बसली, एकेक धागा, सावकाश.