झुंबरबाईच्या खिडकीचं म्हणणं

मी खिडकी बोलतेय. सुरगाण्याच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या मंगळू आणि झुंबरबाईच्या कुडाच्या घरात मी बसवलेली आहे. सागाची चौकट, लोखंडी गज आणि दोन झडपा. एके काळी मला सरकारी हिरवा रंग होता. आता तो कानाकोपऱ्यांत शोधावा लागतो.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला कारण माझं माहेर. माझा जन्म नाशिक रोडचा, एका सरकारी क्वार्टरमधला. तिथे मला पुरती उघडून कुणी बाहेर बघितलेलं मला आठवत नाही. पडदा बोटभर सरकवायचा आणि फटीतून बघायचं. समोर कुणाकडे फ्रिज आला, कुणाच्या मुलीला गाडीवरून कोण सोडून गेलं, कुणाचे पाहुणे किती दिवस राहिले. माणूस खिडकीशी येतो तो काहीतरी टिपायला, नाहीतर काहीतरी झाकायला, हे मी तिथेच शिकले.

पुढे ते जुने क्वार्टर पाडायला काढले. पाडणाऱ्या मजुरांत मंगळू होता. इतर भिंतींवर त्याने घण घातला, पण माझ्याभोवतीच्या विटा मात्र पहारीने हळूहळू सोडवल्या. मी मनात म्हटलं, हा मला भंगारात घालणार. त्याच्या मुकादमालाही तेच वाटलं असावं.

"मातीच्या घराला खिडकी कशाला रे तुला?" त्याने विचारलं.

"बायकोला हवा पायजे," मंगळू म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

 मुकादम म्हणाला, "ने."

जीपच्या टपावर बांधून त्याने मला डोंगरात आणलं. त्या घराला तोवर एकही खिडकी नव्हती. कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपलेल्या भिंती, आत चूल आणि तिचा धूर. कोपऱ्यात गोधडीवर झुंबरबाई पडून होती. तिला टीबी झाला होता. मंगळूने कोयत्याने भिंत कापली, मला भोकात बसवलं आणि कडेने माती दाबली. लहानगी पल्लवी, त्यांची मुलगी, मातीचे गोळे आणून देत होती.

शेजारचा चिमाजी येऊन उभा राहिला. चौकटीवर हात फिरवत म्हणाला, "साग हाय. कुठून उचललीस?"

मंगळूने उत्तर दिलं नाही. त्यामुळे मी चोरीची आहे, असं पाड्यावर ठरून गेलं.

मला त्याचं काही वाटलं नाही. मी दुसरंच बघत होते. सकाळचं ऊन माझ्यातून थेट झुंबरबाईच्या अंगावर पडायचं. पाड्यावरच्या आरोग्यसेविका, आशाताई म्हणतात त्या लताबाई, रोज यायच्या आणि बाहेर उभ्या राहूनच गजांतून गोळ्या द्यायच्या. "गिळ. आता तोंड उघड, दाखव," म्हणायच्या. त्याही माझ्यासारख्याच संशयी, पण त्यांच्या संशयाने झुंबरबाई वाचली. आधी ती मला धरून उठून बसली, मग उभी राहिली, आणि पावसाळ्यात तर नागलीच्या रोपांना हात लावायला शेतात गेली.

जड काम मात्र तिला पुन्हा झेपलं नाही. म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की मंगळू एकटाच दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातो, होळीला परत येतो. ती घरी राहते. पल्लवी आता नाशिकला नर्सिंग शिकते. संध्याकाळी झुंबरबाई माझ्याशी बसून डाळ निवडते, रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलते. इतकंच आमचं जगणं.

गेल्या थंडीत एक जीप रस्त्यात थांबली आणि चैताली नावाची एक बाई उतरली. गळ्यात कॅमेरा होता. ती थेट माझ्याकडेच आली आणि मी सावध झाले.

"काकू, मी नाशिकची," ती झुंबरबाईला म्हणाली. "फिरताना मी खिडक्यांचे फोटो काढते. प्रत्येक खिडकीमागे एक गोष्ट असते ना, ती लिहिते. तुमचा काढू?"

झुंबरबाई लाजली. पदर सारखा केला. "काढ की."

"हसू नका. जरा लांब बघा, रस्त्याकडे. असं, कुणाची तरी वाट बघताय." क्लिक झालं. "काका कुठे असतात?"

"द्राक्षाला गेले. थांब, चहा टाकते."

झुंबरबाई चुलीकडे वळली. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न वाजवला. चैतालीने आणखी एक फोटो घेतला, "पुन्हा येईन काकू," म्हणाली आणि गेली. चहा झुंबरबाईने एकटीने प्यायला. मला तेव्हाच वाटलं होतं, गोष्ट लिहिणारी बाई गोष्ट न विचारताच गेली. मग ही लिहिणार काय?

ते मला मंगळूकडून कळलं. हंगाम अर्धा टाकून तो होळीच्या खूप आधी घरी आला. पिशवी खाली ठेवली, पण पाणी मागितलं नाही. बागवाल्याच्या सुनेने, ही तुमच्याच भागातली ना, म्हणून त्याला मोबाइलवर चैतालीने टाकलेला झुंबरबाईचा फोटो दाखवला होता आणि खाली लिहिलेलं वाचूनही दाखवलं होतं. कामावरच्या लोकांनी ते त्याला इतक्यांदा ऐकवलं की त्याला पाठ झालं होतं. त्याने तसंच म्हणून दाखवलं:

"तो कामाला म्हणून गेला, तो परतलाच नाही. या गजांना धरून ती अजून त्याची वाट पाहते. बायका बोलत नाहीत. खिडकीला मात्र सगळं ठाऊक असतं."

मला ठाऊक होतं, हे खरंच. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

"काय सांगितलंस तू तिला?" मंगळूने विचारलं.

"द्राक्षाला गेले, एवढंच."

"मंग हे कुठून आलं? सांगितल्याबिगर कुणी लिहितं का? पोरं मला विचारतात, दुसरं घर कुठं केलंस म्हणून."

"मला काय माहीत," झुंबरबाई म्हणाली. "मला वाचता येतं का?"

त्याने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी कुठून तरी फळ्या आणल्या आणि बाहेरून माझ्यावर ठोकल्या. माझ्या सागात खिळे शिरले. "आता बघू कोण फोटो काढतं," तो म्हणाला. ज्या हातांनी मला विटांमधून अलगद काढलं होतं, तेच हे हात.

घरात पुन्हा अंधार झाला. चुलीचा धूर कोंडू लागला. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत, मग तेही थांबलं. आणि झुंबरबाई खोकू लागली. ती तोंडावर पदर दाबून खोकायची, मंगळू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मला जुन्या दुखण्याचा संशय आला. त्यालाही आला असणार, कारण ती खोकली की त्याचा हातातला घास थांबायचा. पण फळ्या काही त्याने काढल्या नाहीत.

सुट्टीत पल्लवी आली. तिने खोकला ऐकला, मला बघितलं, बापाकडून सगळं काढून घेतलं. आईची थुंकी तपासायला दिली आणि मोबाइलवरून त्या चैतालीला लिहिलं, "तुम्ही माझ्या आईबद्दल खोटं लिहिलंय. घरी या आणि बघा."

ती येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. पण ती आली. सगळे बाहेर अंगणातच बसले, त्यामुळे फळ्यांआडून मला ती दिसली नाही, फक्त ऐकू आली.

"काकू, मला वाटलं की..." ती अडखळली. "तुमचा चेहरा तसा दिसत होता."

"तूच म्हणालीस ना, हसू नको?" झुंबरबाई म्हणाली. "तुला वाटलं ते तुझ्या नावावर लिहायचं. माझ्या नवऱ्याला कशाला घालवलंस?"

मग चैताली म्हणाली, "मी आत्ता काढून टाकते."

"काढू नको. काढलंस तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणून काढलं. त्याच जागी खरं लिही. त्याला विचार आणि लिही."

मंगळू बोलायला तयार नव्हता. पल्लवीने दोनदा म्हटल्यावर त्याने सुरुवात केली. क्वार्टर, मुकादम, जीप.

"जीपमधून उतरलो तर लगेच घरी नाय आलो," तो म्हणाला. "खिडकी घेऊन नाल्यात बसलो. घराकडून रडण्याचा आवाज येतो का, ते ऐकत होतो. निघालो तेव्हा ही पाणीसुद्धा गिळत नव्हती. म्हटलं, रडणं ऐकू आलं तर खिडकी इथंच टाकायची. मंग घरातून खोकल्याचा आवाज आला. तवा उठलो."

हे अगदी खरं आहे. मी त्याच्या गुडघ्यांना टेकवलेली होते. पण झुंबरबाईने ते पहिल्यांदाच ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "कधी बोलला नाय."

"काय बोलायचं त्यात," मंगळू म्हणाला.

चैतालीने तिथेच बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. झुंबरबाईने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. जाताना चैतालीने दबकत विचारलं, "या फळ्यांसकट एक फोटो घेऊ?"

"नको," झुंबरबाई म्हणाली. "चहा पिऊन जा."

या वेळी ती चहा पिऊन गेली.

फळ्या मंगळूने दुसऱ्या सकाळी, कुणी न सांगता काढल्या. थुंकीत काही निघालं नाही. तो धुराचाच खोकला होता. माझ्या चौकटीत खिळ्यांची भोकं राहिली आहेत. मंगळूने ती मेणाने बुजवली, पण उन्हाने मेण वितळतं.

माझा संशय मात्र गेलेला नाही. रस्त्यात जीप मंदावली की अजूनही माझ्या बिजागऱ्या ताठ होतात. तुम्ही प्रवासाला निघता, आम्ही तुम्हाला छान दिसतो, हे मला कळतं. फोटो काढा, माझी ना नाही. पण आत चूल असते, तिच्याशी कुणीतरी बसलेलं असतं. त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मागच्या आठवड्यात पुन्हा कुणी एक पर्यटक आला. त्याने मोबाइल वर धरला. झुंबरबाई माझ्याशी आली नाही. ती दारातून बाहेर गेली आणि आत हाक मारून मंगळूलाही तिने बाहेर बोलावलं. दोघं माझ्यासमोर उभी राहिली, अगदी खेटून. झुंबरबाई म्हणाली, "आता काढ."

त्या फोटोत मी कुठेच नसेन. मला फक्त त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या.