बुधवारचे पातेले

मित्रांनो, मला एकट्याने उचलायला जाऊ नका, पाठीत उसण भरेल. रिकामे असतानाही माझे वजन चांगले दणदणीत आहे, आणि भरल्यावर तर दोन धट्टीकट्टी माणसे लागतात. मी एक जुने तांब्याचे पातेले आहे. साठ माणसांचा रस्सा माझ्यात मावतो. एका हॉटेलात, जेवायच्या खोलीच्या मधोमध, लाकडी तिवईवर माझी जागा आहे. दर बुधवारी संध्याकाळी त्या खोलीतली प्रत्येक नजर माझ्याकडे वळते. हा मान मला सहजासहजी मिळालेला नाही. तीच हकिकत आज सांगते.

मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवले. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, असे सतरा दिवस चालले होते. शेजारीपाजारी कानांत बोळे घालून बसत. त्याची बायको म्हणाली, "एवढं मोठं घेणार कोण?" तांबट हातोडी न थांबवता म्हणाला, "ज्याला खूप माणसं जेवायला हवीत, तो घेईल." शेवटी त्याने माझ्या पोटात कल्हई केली, म्हणजे कथलाचा पातळ थर चढवला. मी बाहेरून लालसर आणि आतून चांदीसारखे चमकू लागले.

मला एका तरुण आचाऱ्याने घेतले. त्याने आणि त्याच्या बायकोने रस्त्याच्या कोपऱ्यावर नुकतेच हॉटेल उघडले होते. पुढे अकरा टेबलांची लांबट खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये ढकलायचे दार. गिऱ्हाइके त्यांना मामा आणि मामी म्हणू लागली, आणि पुढे तीच त्यांची नावे झाली.

मामांच्या हाताला चव होती. रस्सा उकळला की ते डावातले चार थेंब तळहातावर घेत, चाखत आणि डोळे मिटत. मग म्हणत, "अजून जरा." कधी मिरी पडे, कधी लिंबू. पुन्हा चाखत, आणि "झालं!" म्हणत. त्या एका शब्दाने माझी छाती फुगे. बाहेर लोक बोटे चाटत आणि वर पाव मागून घेत. दर सहा महिन्यांनी माझी कल्हई होई. वीस वर्षे मी अशी दिमाखात काढली.

मग एका थंडीत मामांना ताप आला. बारा दिवस ते अंथरुणात होते. उठले, स्वयंपाकघरात आले, तळहातावर चार थेंब घेतले आणि डोळे मिटले. त्या दिवशी ते डोळे फार वेळ मिटलेलेच राहिले. शेवटी "झालं" म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता.

मित्रांनो, माझ्या पोटात काय पडते ते मला कळणार नाही का? एके दिवशी मीठ दोनदा पडले. दुसऱ्या दिवशी पडलेच नाही. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण पातेल्याला तोंड असते ते फक्त वाफेपुरते! गिऱ्हाइकेही काही बोलली नाहीत. अर्धे जेवण ताटात टाकून मुकाट्याने उठली आणि पुन्हा फिरकली नाहीत. फक्त पलीकडच्या दुकानातले शिंपीकाका, एवढे एकच तोंडावर बोलले.

"मामा, आज मीठ जास्त पडलंय हो."

"तुमच्या जिभेलाच काहीतरी झालंय!" मामा फाडकन म्हणाले.

शिंपीकाका हात धुऊन निघून गेले. ते गेल्यावर मामा कितीतरी वेळ माझ्या काठाला धरून उभे होते.

पुढे एके दुपारी मी चुलीवर होते. रस्सा आटला आणि बुडाला लागला. कांदा जळाला, धूर वर चढला. मामा माझ्या शेजारीच, पाठ करून गाजरे चिरत होते. जळका वास बाहेरच्या खोलीत पोहोचला तरी त्यांना पत्ता नव्हता. मामी धावत आल्या.

"अहो, जळतंय! नाक आहे की नाही तुम्हाला?"

मामांनी सुरी खाली ठेवली. "नाहीये," ते म्हणाले. "वास येत नाही. चवही कळत नाही. तापापासून."

"तीन महिने झाले की हो! आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? आंधळ्याने चित्रं काढायचं दुकान चालवावं, तसं चाललंय माझं."

मामींनी आच बंद केली आणि तिथेच पिंपावर बसून त्या रडल्या. मामांनी त्या दिवसापासून स्वयंपाक सोडला. हॉटेलात चहा आणि लोण्याचा पाव एवढेच मिळू लागले. मला मागच्या पडवीत काळ्या बुडासकट उपडे घातले. माझ्यावर कांद्यांचे पोते आले. वीस वर्षे ज्याने माणसे जेवू घातली, त्याच्या पाठीवर कोंब आलेले कांदे! त्या अंधारात मी रोज ऐकत असे, पुढच्या दाराची घंटा किती वेळा वाजते ते. दिवसेंदिवस ती कमीच वाजत होती. एके सकाळी मामा म्हणाले, "विकून टाकू सगळं."

मामींनी पोते उतरवले, मला ओढत बाहेर काढले आणि कल्हईवाल्याकडे नेले. मी चकचकीत होऊन परतले, तेव्हा त्यांनी एका मोठ्या कागदावर लिहिलेला मजकूर मामांसमोर धरला: "दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता. एकच पदार्थ. आमच्या आचाऱ्याला चव कळत नाही. तुम्ही या, चाखा आणि सांगा."

मामा लालबुंद झाले. "अगं, माझी अब्रू वेशीवर टांगतेस का?"

"वीस वर्षं येणारी माणसं गेली, ती तुम्ही लपवलंत म्हणून. त्यांना वाटलं, तुम्हाला आता फिकीर राहिली नाही."

"आणि बुधवारच का?"

"बुधवारी आपल्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. बिघडलं तर बिघडणार काय?"

कागद दाराला लागला.

पहिल्या बुधवारी सहा जण आले. त्यांतले तिघे निव्वळ गंमत बघायला आले होते. मामा-मामींनी मला दोन बाजूंनी धरून बाहेर आणले आणि तिवईवर ठेवले. तोवर दाराच्या फटीतून दिसे तेवढीच जेवायची खोली मी आयुष्यात पहिल्यांदाच पुरती पाहिली. माझ्यात वाटाण्याचे दाट सूप होते, मीठ न घातलेले. समोरच शिंपीकाका बसले होते. मामा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"त्या दिवशी चुकलंच माझं. किती जास्त झालं होतं हो मीठ?"

"खरं सांगू?" शिंपीकाका म्हणाले. "मूठभर."

सगळे हसले. मामाही हसले, कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी प्रत्येकाला वाटीत घोटभर सूप दिले. शिंपीकाकांनी मीठ मागितले. बसचे ड्रायव्हर म्हणाले, "मिरी कुठाय? हे आजाऱ्याचं जेवण झालं." गाणे शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी मान हलवली. "मिरी नको, लिंबू हवं. आणि जरा थांबा, सगळे एकदम बोलू नका!" मामा चिमूट-चिमूट घालत गेले, ढवळत गेले, पुन्हा वाट्या भरत गेले. अर्धा तास नुसता गोंगाट. आणि मग अचानक खोली शांत झाली. सहाही जण मान खाली घालून जेवत होते. फक्त चमचे वाजत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "झालं!"

मामांनी भिंतीकडे तोंड करून एप्रनने डोळे पुसले.

पण मित्रांनो, लगेच गर्दी उसळली असे समजू नका. दुसऱ्या बुधवारी चारच माणसे आली. तिसऱ्या बुधवारी पाऊस असा झोडपत होता, की मामा म्हणाले, "आज राहू दे. कोण येतंय?"

"बुधवार चुकवायचा नाही," मामी म्हणाल्या. "कोणी एकजण जरी आलं आणि दार बंद दिसलं, तर तो पुन्हा येणार नाही. लोकांना आपली सवय लागायची असेल, तर आपण आधी जागेवर हवं."

त्या बुधवारी पाच जण आले. मामींनी एक वही केली. तिच्यात कोणाला काय आवडते ते त्या लिहून ठेवत. बाईंच्या दातांना पावाची कडक कड सोसत नाही, म्हणून मऊ पाव. ड्रायव्हरना फेरीवर निघायचे असते, म्हणून दाराजवळची खुर्ची आणि पहिली वाटी. पुढच्या वेळी हे सारे न मागताच पुढे येई. मग माणसे एकटी येईनाशी झाली. कोणी भावाला आणले, कोणी सासूला. जो बुधवारी येई तो शुक्रवारीही डोकावू लागला. सहाव्या महिन्यात अकराही टेबले भरली. लोक चहा पितापिता पुढच्या बुधवारच्या पदार्थावरून वाद घालू लागले.

आणि तेव्हाच रस्त्याच्या पलीकडे एक नवे, मोठे हॉटेल तयार झाले. काचेच्या भिंती, रंगीत दिवे, गणवेश घातलेले वाढपी. ते उघडले नेमके बुधवारी. त्या दिवशी तिथे गाणारे बोलावले होते, आणि येईल त्याला गोड पदार्थ फुकट.

सहा वाजता मी तिवईवर वाफाळत होते. पाहुणा एकही नव्हता. सव्वासहा झाले. पलीकडून गाण्याचा आवाज येत होता आणि काचेतून आमची ओळखीची डोकी दिसत होती. साडेसहाला मामांनी एप्रनची गाठ सोडली. मामी खुर्च्या उगीचच सरळ करत होत्या. माझी वाफ विरत चालली होती.

इतक्यात दार उघडले. बाई आत आल्या. ओठाला साखर लागलेली होती.

"असं बघू नका माझ्याकडे! गोड फुकट होतं, ते का सोडू? पण जेवायला इथेच येणार ना."

त्यांच्यामागे ड्रायव्हर, त्यांच्यामागे शिंपीकाका, आणि मग रांगच. ड्रायव्हर खुर्ची ओढत म्हणाले, "तिकडे जेवण चांगलं आहे हो, नाही म्हणत नाही. पण मी बसलो काय, न बसलो काय, त्यांचं काय अडतंय? इथे मी नसलो तर मिरी कोण घालेल?"

"म्हणूनच आलोय आम्ही," शिंपीकाका म्हणाले. "तुम्हाला मिरीपासून आवरायला!"

खुर्च्या संपल्या. शेजारच्या न्हाव्याने आपल्या दुकानातले बाक उचलून आणले. उरलेले लोक वाटी हातात घेऊन भिंतीशी उभे राहिले. मामांनी एप्रनची गाठ पुन्हा बांधली, ती अशी घट्ट, की नंतर कात्रीने सोडवावी लागली. तुम्ही म्हणता ना, जीव भांड्यात पडला? त्या संध्याकाळी मामा-मामींचा जीव ज्या भांड्यात पडला, ते भांडे मीच! साठ वाट्या गेल्या, आणि एकसष्टाव्यासाठी मामींनी माझे बूड खरवडले.

पुढच्या थंडीत आणखी एक गोष्ट घडली. माझ्यात कांदा परतत असताना मामांचा हात थांबला. ते वाकले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "अगं," ते हळूच म्हणाले, "कांद्याचा वास येतोय." मामी धावत आल्या. हळूहळू मिरीची, लिंबाची चवही परत आली. मामांना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आता हे लोकांना सांगितले तर? आपल्याला गरज होती म्हणून जे येत होते, ते आता कशाला येतील?

पण एकदा लपवून काय झाले ते त्यांना ठाऊक होते. पुढच्याच बुधवारी भरल्या खोलीत ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, मला चव कळायला लागली."

बाईंनी विचारले, "म्हणजे आमची नोकरी गेली?"

मामांनी मिठाची बरणी आणली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. "ही बरणी बुधवारी स्वयंपाकघरात जाणार नाही. वीस वर्षं मी माझ्या जिभेला आवडेल ते रांधत होतो. तुमच्या जिभा मला फार उशिरा भेटल्या."

काय टाळ्या वाजल्या म्हणून सांगू! माझा तांब्याचा पत्रा झणझणत राहिला.

मित्रांनो, आता माझे बूड पातळ झाले आहे, काठाला पोचे आले आहेत. तरी वेळच्या वेळी कल्हई होते, म्हणून मी अजून कामाचे आहे. तुमच्या घरातली भांडी अशीच जपा. आणि ज्यांच्या हातचे तुम्ही जेवता, मग ती आई असो, बाबा असोत की हॉटेलातला आचारी, त्यांना त्याहून अधिक जपा. चांगले झाले तर चांगले म्हणा. बिघडले तर गोड शब्दांत, पण खरे सांगा. आणि सांगून झाले की पुढच्या आठवड्यात पुन्हा जेवायला या.